टेक्सासमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र: आपल्या लॅटिनो शेजाऱ्यांविषयी

टेक्सासमधल्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना आणि सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लॅटिनो स्थलांतरितांविषयीचं एक वाक्य निरनिराळ्या नावांनी वाचतो आहे. "आम्ही रांगेत उभे राहून आलो, त्यांनीही तसंच यावं." लिहिणारी माणसं आपलीच आहेत. कुणाच्या आईला मध्यरात्री इमर्जन्सीत न्यायचं असेल तर गाडी काढणारी, गणपतीत चार दिवस रजा टाकून मांडव उभारणारी. म्हणूनच ते वाक्य जास्त लागतं. ज्या माणसांविषयी ते लिहिलं जातं, त्यांच्या श्रमावर आपलं इथलं बस्तान बसलं आहे. आणि व्हिसा-ग्रीन कार्डच्या ज्या रांगेचा आपल्याला अभिमान आहे, तिचा इतिहास आपल्या मंडळांत कुणी कधी सांगितलेला मी ऐकला नाही. तो सांगावा, आणि त्याबरोबर काही ठोस मागण्याही कराव्यात, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

आधी या प्रदेशाच्या वाढीविषयी. २०१० ते २०२० या दहा वर्षांत टेक्सासची लोकसंख्या सुमारे ४० लाखांनी वाढली, आणि त्यातली जवळजवळ निम्मी वाढ हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषेचा वारसा असलेल्या, लोकांची होती. २०२२ सालच्या जनगणना खात्याच्या अंदाजात तर ते राज्यातला सगळ्यात मोठा गट ठरले, एकूण लोकसंख्येच्या ४० टक्क्यांहून किंचित जास्त. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक आहेत, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या बोलण्यात 'हिस्पॅनिक' आणि 'बेकायदेशीर' हे दोन शब्द फार सहज एकमेकांना चिकटतात. याच काळात आपणही वाढलो. फ्रिस्को, प्लेनो, कॅटी, शुगर लँड, सीडर पार्क इथल्या नव्या वसाहतींत आपली कुटुंबं राहायला गेली. कालपर्यंत जिथे गवताळ माळ होता तिथे सहा महिन्यांत रस्ते, शाळा आणि एकसारख्या विटांची दोनशे घरं उभी राहिली, ती बांधली कुणी? टेक्सासच्या बांधकामावरच्या कामगारांत निम्म्याहून अधिक हिस्पॅनिक आहेत. पाया ओतणारे, लाकडी सांगाडा उभा करणारे, छत घालणारे, रंग देणारे तेच. कंपन्या टेक्सासला आल्या त्या इथे घर परवडतं म्हणूनही. घर परवडतं त्यामागे जमीन मुबलक आहे हे एक कारण, आणि ही माणसं ज्या मजुरीत आणि ज्या उन्हात काम करतात ते दुसरं.

पण त्यांना केवळ कामगार म्हणून मोजणं हाही अन्यायच आहे. सॅन अँटोनियोचं पहिलं मिशन, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांची धर्मप्रसारासाठीची वसाहत, १७१८ साली उभं राहिलं. आपल्या शनिवारवाड्याचा पाया घातला गेला १७३० मध्ये. म्हणजे बाजीराव पुण्यात वाडा बांधायला काढण्याच्या बारा वर्षं आधी इथे स्पॅनिश बोलणारी वस्ती होती, पाटाचं पाणी होतं, शेती होती. ती मिशनं आज जागतिक वारशात आहेत. गुरं राखण्याची, घोड्यावरून दोर टाकून वासरू धरण्याची जी विद्या टेक्सासची ओळख म्हणून जगभर विकली जाते, ती मेक्सिकन गुराख्यांची. १८३६ साली टेक्सासने मेक्सिकोपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, त्या जाहीरनाम्यावर होसे अँटोनियो नवार्रो आणि होसे फ्रान्सिस्को रुईस या इथेच जन्मलेल्या दोघांच्या सह्या आहेत. पुढच्या काही वर्षांत त्यांच्याच लोकांच्या जमिनी गेल्या आणि त्यांच्याच गावात ते परके ठरले. सीमा आम्ही ओलांडली नाही, सीमेने आम्हाला ओलांडलं, असं इथले जुने मेक्सिकन-अमेरिकन म्हणतात, ते शब्दशः खरं आहे.

इथल्या संगीताची गोष्ट तर मला मराठी माणसाला सांगावीशीच वाटते. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक शेतकरी टेक्सासला आले, त्यांनी अ‍ॅकॉर्डियन आणलं, पोल्का आणला. दक्षिण टेक्सासच्या मेक्सिकन मजुरांनी ते वाद्य उचललं, त्याला बाहो सेक्स्तो या बारा तारांच्या गिटारीची जोड दिली आणि त्यातून कोनहुंतो संगीत जन्माला आलं. युरोपातून आलेली पेटी आपण भजनात आणि नाट्यसंगीतात इतकी आपलीशी केली की ती परकी आहे हे सांगूनही पटत नाही, अगदी तसंच. पुढे याच परंपरेतून तेहानो, म्हणजे टेक्सासच्या मेक्सिकन लोकांचं, संगीत फुललं. फेब्रुवारी १९९५ मध्ये तेहानो गायिका सेलेनाने ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये गायलं तेव्हा साठ हजारांवर लोक होते. त्यानंतर सुमारे महिन्याने तिचा खून झाला, वय अवघं तेवीस. आजही इथे तिची चित्रं भिंतींवर दिसतात. ह्यूस्टनच्या वार्षिक रोडिओत 'गो तेहानो' दिवशी किती गर्दी लोटते ते एकदा जाऊन पाहा. आपल्यातले अनेक जण वर्षानुवर्षं रोडिओला जातात, पण नेमका तो दिवस टाळून.

ह्यूस्टनच्या पूर्व भागात नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवर निन्फा लॉरेन्झो यांचा तोर्तियांचा, म्हणजे मेक्सिकन पोळ्यांचा, छोटा कारखाना होता. नवरा वारला, पाच मुलं पदरात, धंदा डबघाईला आलेला. १९७३ साली त्यांनी कारखान्याच्या पुढच्या बाजूला दहा टेबलं मांडली आणि जेवण विकायला सुरुवात केली. मालक रँचवरच्या गड्यांना देत असत तो मांसाचा स्वस्त तुकडा विस्तवावर भाजून, गरम तोर्तियात गुंडाळून. आज जगभर फाहिता नावाने जे मिळतं ते लोकप्रिय होण्यात या बाईंचा मोठा हात आहे. एका विधवेच्या पोळ्यांवर उभा राहिलेला संसार म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगायला नको.

आणि आपलं स्वयंपाकघर? जुन्या सभासदांना विचारा. भारतीय दुकानं मोजकी होती तेव्हा कोथिंबिरीची जुडी, तिखट हिरवी मिरची, चिंच, पेरू, पातळ सालीचं लिंबू मेक्सिकन बाजारात मिळायचं. अजूनही मिळतं, आणि ताजं मिळतं. पिलोन्सियो नावाच्या शंकूच्या आकाराच्या गुळाच्या ढेपा असतात, त्यांनी आमटीला आपल्या गुळाइतकीच गोडी येते. मिरची, पेरू, सीताफळ ही तर मुळात याच खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलेली. आज हे सगळं मेक्सिकोच्या सीमेवरच्या लारेडोच्या पुलावरून रोज येणाऱ्या हजारो ट्रकांतून येतं. २०२३ मध्ये मेक्सिको हा अमेरिकेचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार झाला आणि त्या व्यापाराचा सगळ्यात मोठा दरवाजा टेक्सासमध्येच आहे. आपल्यातले जे लॉजिस्टिक्समध्ये, बँकांत, वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपन्यांत नोकरी करतात त्यांना हे आकडे माझ्याहून जास्त ठाऊक आहेत.

सगळ्यांना 'मेक्सिकन' म्हणणंही आता सोडायला हवं. ह्यूस्टनच्या गल्फ्टनमध्ये १९७० च्या दशकात तेलाच्या भरभराटीत तरुण नोकरदारांसाठी अपार्टमेंट बांधली गेली. तेल कोसळलं, ती ओस पडली आणि यादवीतून पळालेल्या साल्वादोर-ग्वातेमालाच्या कुटुंबांनी ती वसवली. कॅटीत व्हेनेझुएलाचे इतके लोक आहेत की त्या भागाला गमतीने 'कॅटीझुएला' म्हणतात. त्यातले कित्येक तेल कंपनीतले अभियंते. २००२-०३ च्या संपानंतर चावेझ सरकारने हजारोंना कामावरून काढलं, तेव्हापासून ते इथे येत राहिले. आपल्याच क्यूबिकलच्या पलीकडे बसतात ते. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) आहे, तिच्या प्रमुखपदी २०१८ साली कोलंबियात जन्मलेली लीना हिदाल्गो निवडून आली.

आता हार्वी चक्रीवादळाची आठवण काढतो. ऑगस्ट २०१७. पश्चिम ह्यूस्टनमध्ये धरणांचं पाणी सोडलं आणि आमच्या भागात घरांत गुडघाभर पाणी साचलं. पाणी ओसरल्यावर पहिली गाठ भिंतींशी असते. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिच्या बऱ्याच वरपर्यंत, साधारण चार फुटांवर, ड्रायवॉल सरळ कापून काढायचं, आतलं भिजून लगदा झालेलं इन्सुलेशन हातांनी ओढून पोत्यात भरायचं, उघड्या पडलेल्या लाकडावर बुरशीचं औषध मारायचं आणि मोठे पंखे लावून दिवसचे दिवस वाळवायचं. एसी नाही, मास्कमध्ये श्वास कोंडतो. आमच्याकडे हे करायला आलेल्या टोळीचा मुकादम होंडुरासचा होता. लाकूड वाळलं की नाही हे तो मीटरच्या दोन सुया खांबात टोचून पाहायचा आणि आकडा मनासारखा येईपर्यंत भिंत बंद करू द्यायचा नाही, आम्ही कितीही घाई केली तरी. दिवसा आमचं घर, आणि रात्री स्वतःचं, कारण त्याच्याही घरात पाणी शिरलं होतं. ज्या ठेकेदाराला आम्ही पूर्ण पैसे दिले त्याने या टोळीची शेवटच्या दोन आठवड्यांची मजुरी बुडवली, हे आम्हाला फार नंतर कळलं. हार्वीनंतर हे किती जणांच्या बाबतीत झालं त्याच्या तक्रारी इथल्या कामगार केंद्रांत ढिगाने आल्या होत्या. ज्याच्याजवळ कागद नाहीत तो पोलिसांत जात नाही, एवढं ठेकेदाराला पुरतं.

"ते कर भरत नाहीत" हे ग्रुपवरचं दुसरं आवडतं वाक्य. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाहीच, कुणालाच नाही. राज्य चालतं विक्रीकरावर, शाळा चालतात मालमत्ता करावर. ह्यूस्टनमध्ये सव्वाआठ टक्के विक्रीकर गल्ल्यावर कापला जातो, तिथे कुणी पासपोर्ट पाहत नाही. मालमत्ता कर घरभाड्यातून वसूल होतो. राज्याच्या तेव्हाच्या लेखानियंत्रक कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न यांनी २००६ साली हिशेब मांडला होता. कागदपत्रं नसलेल्या लोकांमुळे राज्याच्या तिजोरीत १५८ कोटी डॉलर आले, त्यांच्यावर राज्याने खर्च केले ११६ कोटी, आणि ते नसते तर राज्याच्या अर्थव्यवस्थेचं एकूण उत्पादन १,७७० कोटींनी कमी झालं असतं. त्याच अहवालात दुसरी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. शहरं, काउंट्या आणि रुग्णालयांवर १४४ कोटींचा भार पडला होता. म्हणजे राज्य कमावत होतं आणि काउंटीचं रुग्णालय सोसत होतं. हा भार कसा वाटून घ्यायचा यावर वाद जरूर घाला. पण फुकटे म्हणू नका.

आणि आता ती रांग.

१९२८ साली कोटुला नावाच्या गावात मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळेत एक तरुण शिक्षक म्हणून गेला. मुलं उपाशी यायची, त्याने ते पाहिलं. त्याचं नाव लिंडन जॉन्सन. १९४९ मध्ये तो नुकताच सिनेटर झाला होता, तेव्हा फिलिपिन्समध्ये लढताना मेलेल्या फेलिक्स लोंगोरिया या सैनिकाचा देह गावी आला आणि थ्री रिव्हर्सच्या अंत्यविधी गृहाने, तो मेक्सिकन म्हणून, आपलं प्रार्थनागृह वापरू देण्यास नकार दिला. कॉर्पस क्रिस्टीचे डॉक्टर हेक्टर गार्सिया, स्वतः युद्धातून परतलेले, त्यांनी तारा धाडल्या. जॉन्सनने लोंगोरियाला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळवून दिली. १९५४ साली ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियोच्या मेक्सिकन-अमेरिकन वकिलांनी पीट हर्नांडेझचा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला. जॅक्सन काउंटीत पंचवीस वर्षांत एकही मेक्सिकन-अमेरिकन माणूस ज्युरीवर घेतला गेला नव्हता. संविधानाचं समान संरक्षण गोरे आणि काळे या दोन रकान्यांपुरतं नाही, हे न्यायालयाने एकमताने मान्य केलं. आपण या दोन्ही रकान्यांत बसत नाही. तो निकाल आपलाही आहे.

पुढे जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि ३ ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. त्याआधी भारताचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता. आपले पहिले डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक ज्या दारातून आले ते दार या कायद्याने उघडलं. नागरी हक्कांची जी चळवळ त्या काळी देश ढवळून काढत होती, तिच्याविना हे घडलं नसतं. आणि त्याच कायद्याने पश्चिम गोलार्धातल्या देशांवर पहिल्यांदाच संख्येची मर्यादा घातली. १९४२ पासून हंगामी शेतमजुरांसाठी मेक्सिकोशी ब्रासेरो करार होता, त्याखाली ४६ लाखांच्या आसपास करारपत्रं झाली होती. तो १९६४ अखेर बंद झाला. १९७६ मध्ये मेक्सिकोलाही वर्षाला २०,००० ची मर्यादा लागली. शेतं तीच, कामं तीच, ती करायला लाखो माणसं लागत होती तीही तशीच. आधी ती कायद्याने यायची, आता तीच माणसं बेकायदेशीर ठरली. आज अकुशल कामासाठी नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डं साऱ्या जगाला मिळून वर्षाला जेमतेम १०,००० आहेत. छत घालणाऱ्या माणसाने कोणत्या रांगेत उभं राहायचं ते सांगा. आपल्याला रांग मिळाली. ती लांब आहे, छळणारी आहे, तिच्यात आपली उमेदीची वर्षं जातात, हे सगळं मी जाणतो. पण ती आहे.

या छळाचा चटका आपल्या मुलांनाही बसतो. एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, वाढलेलं मूल एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं आणि ज्या देशात बालवाडीपासून शिकलं तिथे परदेशी विद्यार्थी होतं. अशी घरं प्रत्येक मंडळात आहेत. लहानपणी आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना राज्याच्या दराने कॉलेजची फी लावणारं टेक्सास हे २००१ साली पहिलं राज्य होतं. जून २०२५ मध्ये केंद्राने खटला भरला आणि राज्य सरकारने त्याच दिवशी माघार घेतली. आपल्या मुलांची अडचण आणि त्या मुलांची अडचण कायद्याच्या वेगवेगळ्या कलमांत बसते, पण ऑस्टिनच्या विधानभवनात दार ठोठावायचं तर ती मुलं कितीतरी वर्षांपासून तिथे उभी आहेत. त्यांच्या शेजारी आपण कधी उभे राहिलो?

माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि मंडळांच्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली पाण्याची. ऑस्टिन आणि डॅलसमध्ये बांधकामावरच्या कामगाराला दर चार तासांनी दहा मिनिटं पाणी पिण्याची सुट्टी देण्याचा नियम होता. २०२३ मध्ये राज्याने कायदा करून शहरांच्या अशा नियमांवर गदा आणली. तो वाद न्यायालयांत गेला, कामगार उन्हातच राहिला. दहा मिनिटं आणि पाणी! ज्या महाराष्ट्रात उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोई घालणं पुण्याचं काम मानतात, तिथल्या लोकांनी याविरुद्ध एक ठराव करू नये? राज्यभर लागू होईल असा उष्णतेचा नियम करावा, अशी मागणी प्रत्येक मंडळाने आपापल्या भागातल्या विधानसभा प्रतिनिधीकडे लेखी करावी. मंडळाच्या पत्रावर दोनशे मतदारांच्या सह्या असल्या की प्रतिनिधी भेटतो.

दुसरी आपल्या स्वतःच्या वागण्याची. कामगारांचा अपघात विमा खासगी मालकाला ऐच्छिक ठेवणारं टेक्सास हे देशातलं एकमेव राज्य आहे. म्हणजे तुमच्या छतावरून पडलेल्या माणसाचा पाय मोडला तर उपचाराची हमी कुणाचीच नसू शकते. छत, रंग, किचन, काहीही करून घेताना ठेकेदाराला विमापत्र दाखवायला सांगा, मजुरी कुणाला किती आणि कधी दिली जाणार हे लेखी घ्या, शेवटचा हप्ता मजुरांना पैसे पोचल्याची खात्री करून द्या. मंडळाने याची एक पानी यादी करून सभासदांना वाटावी. आपल्याकडे वकील आहेत, विमा क्षेत्रातले लोक आहेत, एका शनिवारचं काम आहे. मंडळाच्या स्वतःच्या कार्यक्रमांत हॉल झाडणाऱ्यांना, भांडी आवरणाऱ्यांना पंगतीत बसवून जेवू घालावं हे तर सांगायलाही नको, पण सांगतो.

तिसरी मराठी शाळेची. फेलिक्स तिहेरिना हे ह्यूस्टनचे रेस्टॉरंट चालवणारे गृहस्थ. त्यांनी १९५७ मध्ये, पहिलीत जाण्याआधी मेक्सिकन मुलांना ४०० इंग्रजी शब्द यावेत म्हणून छोट्या शाळा सुरू केल्या. भाषा येत नाही म्हणून मुलं पहिलीतच नापास होत होती. गानाडो गावात इसाबेल वेर्व्हेर ही सतरा वर्षांची मुलगी पहिली शिक्षिका होती. रविवारी मुलांना ळ आणि ण शिकवणाऱ्या आपल्या शिक्षकांना ही माणसं आपल्याच बिरादरीतली वाटतील. त्यांची गोष्ट आपल्या मुलांना मराठीतून सांगा. आणि यंदाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ जवळच्या हायस्कूलच्या मारियाची (मेक्सिकन लोकसंगीताच्या) पथकाला बोलवा, मानधन देऊन, आईवडिलांसह, प्रेक्षकांत पहिल्या रांगेत त्यांच्या खुर्च्या ठेवून.

टेक्सासच्या विधिमंडळाचं अधिवेशन विषम वर्षांच्या जानेवारीत भरतं आणि १४० दिवसांत संपतं. त्याआधी पत्रं पोचायला हवीत. म्हणून प्रत्येक मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हे तीन विषय घ्यावेत, अशी विनंती आहे. ठरावाचा मसुदा आणि प्रतिनिधींना पाठवायच्या पत्राचा नमुना मी मराठीत आणि इंग्रजीत तयार करून देतो, सह्या गोळा करायला दारोदारही येतो. विरोध असेल त्यांनी तो सभेत उभं राहून मांडावा, मी उत्तर द्यायला हजर असेन.

आपला नम्र,
एक जुना सभासद, ह्यूस्टन